न हलणारा काटा

गारगोटी, ता. ५ जानेवारी १९५४

ती. सौ. विमलाताईस,
नृसिंहचा शि. सा. नमस्कार. वि. वि.

इकडे सर्व खुशाल. शाळेची नोकरी सोडली म्हणून तू रागावलीस, पण दाजींनी विकलेली पिकअप बघशील तर राग जाईल. तंबाखू भरून निपाणीला जातो. ऑइल प्रेशरच्या काट्यावर नजर ठेव, असं दाजींनी बजावलं होतं. ठेवतो. पहाटे गार इंजिन सुरू करताना असो की दुपारी चढावर, काटा मधोमध. तुझ्या सासूबाईंसारखा, कुणासाठी हलत नाही.

घेण्यापूर्वी अल्लाउद्दीन मिस्त्री गाडी उघडून बघू म्हणत होता. मी म्हटलं, बहिणीच्या घरचं मडकं वाजवून घेत नाहीत.

दाजींना नमस्कार. माया आहे तशीच असू दे.
नृसिंह


कोल्हापूर, ता. ८ जानेवारी १९५४

चि. नृसिंहास अनेक आशीर्वाद.

पत्र पोचताच गाडी थांबव. माझ्या स्वयंपाकघराला लागून ह्यांचं गॅरेज. लग्न झाल्यापासून तेच ऐकते. गार ऑइल दाट असतं, तेव्हा काटा वर जातो. इंजिन तापलं की खाली येतो. वेग दिला की चढतो, उभ्या गाडीत उतरतो, इंजिन बंद केलं की तळाला जातो. चांगल्या गाडीचा काटा हलतो.

ह्यांना विचारलं तर हसले. मग जेवण अर्धं टाकून उठले. सासूबाईंसमोर मी म्हटलं, नृसिंह काटा उघडून बघेल आणि असेल ते लिहील. खोटी ठरलीस तर पाया पडून माफी मागशील का, असं ह्यांनी विचारलं. मी हो म्हटलं. तेव्हा असेल ते ह्यांना लिही.

प्रकृतीला जप.
तुझी ताई


गारगोटी, ता. १४ जानेवारी १९५४

ती. सौ. ताईस, शि. सा. नमस्कार.

तुझं पत्र आलं त्याच्या आदल्या दिवशी ऑइल न पोचल्यानं इंजिन जाम झालं. अल्लाउद्दीननं काटा उघडला. लाखेनं चिकटवलेला, मागची नळी ठोकून बंद. तो म्हणाला, "गुरुजी, काटा न्हाय ह्यो. चित्र हाय."

दाजींना लिहिलं की गाडी उत्तम आहे, काटाही ठीक, ताईचा गैरसमज झाला. तुला त्या घरात नांदायचं आहे. शाळेत पुन्हा घेतात का बघतो. तू विषय काढू नकोस.

सोबत तिळगूळ. माया असावी.
नृसिंह


कोल्हापूर, ता. २० जानेवारी १९५४

नृसिंहास,

तिळगूळ पोचला. तुझं पत्र ह्यांनी सासूबाईंना वाचून दाखवलं. मी पाया पडले.

ह्यांचा स्वभाव मला माहीत आहे. तू असं लिहिशील हे माहीत नव्हतं. मी कसं नांदायचं ते तू मला न विचारता ठरवलंस.

तुझं पत्र आता गॅरेजातल्या फळीवर असतं. बिद्रीच्या पिराजींनी ते वाचून काल दुसरी पिकअप नेली. सख्खा मेहुणा लिहितोय म्हटल्यावर बघायचं काय, म्हणाले. ते चहा पीत होते तेव्हा मी गाडीत डोकावले. इंजिन बंद होतं आणि काटा मधोमध होता.

बिद्रीला जा आणि त्यांना सांग. मी सांगितलं तर ह्यांनी तुझं पत्र पुढे केलं की झालं.

लोभ आहे. तो वाढावा असं या खेपेला लिहीत नाही.
विमला