पाळणा माझ्याच हातचा

५ जानेवारी, सकाळ
लकवा मारून गेला त्याला आता बरेच दिवस झाले. उजवा हात जावयावानी वागतोय, मनात आलं तं येतो, नाय तं रुसून बसतो. डॉक्टर म्हणला, मावशी, रबरी चेंडू दाबत बसा. म्हणलं, दाबायला घरात माणसं हायेत की. हसला नाय. शिकलेला माणूस.
आजपासून लाकूड कातायची खराद चालू. लेक शीला बाळंतपणाला आलीय. पहिला पाळणा माहेरचा, तो मीच करणार. मालक गेल्यावर मशीन मीच चालवली. औरंगपुऱ्यातल्या किती देव्हाऱ्यांचे खांब माझ्या हातचे हायेत. एका बिमारीनं हात विसरंल व्हय?

५ जानेवारी, दुपार
मशीनवर पोरानं, अंगदनं, गोधड्या रचून ठेवल्यात. दोन उचलल्या. दम लागला. गोधड्या ओल्या असतील. बाकीच्या उद्या.

९ जानेवारी
सागाची दांडी लावली. पटाशी टेकवली तं तिनं उडीच मारली. दांडीला मधीच कंबर आली. शीला म्हणली, आई, हे तं लाटणं झालं. म्हणलं, लाटणंच करायचं होतं, तुझ्या सासूला पाठवू.
दोष लाईटीचा. व्होल्टेज खालीवर होतंय.

१४ जानेवारी
संक्रांत. गल्लीतल्या बाया हळदीकुंकवाला गेल्या. मला कोण बोलावतंय? बरंच हाय, तेवढंच काम झालं. दोन दांड्या निघाल्या. एक जाड, एक बारीक. शेजारी ठेवल्या तं मालक आन मी फोटोला उभी असल्यागत दिसतेत.

१८ जानेवारी
अजिंठ्याहून व्याही आले, मल्हारराव. म्हणले, विहीणबाई, कशाला ताप करून घेता, स्टीलचा पाळणा आम्हीच आणतो. म्हणलं, व्याहीबुवा, स्टीलमधी वरण ठेवतेत, पोरगं नाय. चहा अर्धाच पिले. जाताना म्हणले, बरं, बघू बारशाला.
बघा म्हणलं. डोळे फाडून बघा.

२३ जानेवारी
अंगद म्हणतो, आई, दांड्या दुसऱ्या खराद्याकडून काढून आणतो, नाव तुझंच सांगू. चितेगावला कंपनीत नट आवळणारं पोरगं मला अक्कल शिकवतंय. बोलणं बंद केलं. जेवायच्या टायमाला चालू केलं.
दांड्या सगळ्या झाल्या. सारख्या नायत. माणसं तरी कुठं सारखी असतेत?

२७ जानेवारी
शीलाला पोरगा झाला. माझ्यावर गेलाय, एक डोळा मिचकावतो.
दांड्यांची टोकं जरा बारीक झालीत, चौकटीच्या भोकात ढिली बसतेत. चिंध्या गुंडाळल्या, गम लावला, ठोकल्या. मालक असते तं पटाशी फेकून मारली असती. ते नायत म्हणून तं काम भराभर होतंय.

१ फेब्रुवारी
अंगदला पाळणा ओढून बघायचा होता. म्हणलं, हात लावू नको, गम ओला हाय.

४ फेब्रुवारी
गम ओलाच हाय.

७ फेब्रुवारी, सकाळ
बारसं. पाळणा टांगला. चिंध्या दिसतेत तिथं झेंडूच्या माळा सोडल्या, लई शोभा आली. व्याही पाळण्याभोवती फिरून आले आन मान हलवून पाळण्याशेजारीच बसले. हरले.

७ फेब्रुवारी, संध्याकाळ
रीतीप्रमाणं बाळाच्या आधी वरवंट्याला टोपडं घालून पाळण्यात निजवला. शीला पोराला घेऊन शेजारीच उभी. बायांनी एक झोका दिला आन दांड्या सुटल्या. खालची चौकट वरवंट्यासकट व्याह्यांच्या पायाव.
अंगठा टमाट्यावानी सुजला. पर काय बोलले नाय. मी वाट बघत होते, काय तरी बोलतील. टोमणा तयार ठेवला होता.
बाया सगळ्या वरवंट्याकडं बघायच्या आन मग पोराकडं. शीलानं त्याला जे उराशी धरलं ते पंगत उठली तरी खाली ठेवलं नाय. मी घेते म्हणलं. राहू दे आई, म्हणली.
वरवंटा जड होता. एवढं जड पोरगं कुणाचं असतं?

८ फेब्रुवारी
अंगदनं माझ्या लुगड्याची झोळी बांधली. झोळीचं तोंड मिटू नये म्हणून मधी आडवी दांडी लागते. म्हणलं, माझी एखादी घ्या, ढीग पडलाय. शीला म्हणली, झाली सोय. तिनं पोछ्याचा दांडा कापून घातला होता.
दुपारी पोरगं झोपलं. घरात कोण नव्हतं. दांडा बघितला. कारखान्यातला माल, त्यात काय असणार? खोट काढायची म्हणून उजव्या हातानं चाचपला. मग डाव्या हातानं, कारण उजव्याला काय कळतच नाय आताशा.
या टोकापासून त्या टोकापर्यंत एकसारखा हाय.