बुटक्यांच्या दारात भाकर

रविवार, संध्याकाळ

आज पुन्हा मुंग्या! लहानपणीच्या लाडक्या पुस्तकातलं बुटक्यांचं जादूचं गाव मी लातुरात, गच्चीवरच्या फुटक्या टबात उभं केलंय. मातीची टेकडी, ओव्याची झाडी आणि बरणीच्या झाकणाचं हिरवं गोल दार. सासूबाई रोज त्या दारापुढं भाकरीचा कुटका ठेवतात. मुंग्यांनी अख्खी टेकडी पोखरली! एवढी मेहनत काय मुंग्यांसाठी केली मी?

आज सासूबाईंशी भांडलेच. "आत्याबाई, ही नुसती सजावट हाय. तिथं कुणी राहत न्हाई."

"मग दार कशाला केलीस?"

हद्द झाली! यांना मुंग्या दिसत नाहीत, दार बरोबर दिसतं. रागारागानं ते दार उपटायला गेले आणि आधी बोटानं वाजवलं. मीच!