भाऊजींची लाल गाडी आणि कर्नलांचा दात

प्रिय भाऊजी,

नमस्कार. पत्र पोचलं. तुमची पाठ पुन्हा सरळ झाली हे वाचून बरं वाटलं. जाऊबाईंचा खोकलाही एव्हाना गेला असेल. त्यांना सांगा, कोमट पाणी प्या आणि तुमच्याशी वाद घालणं महिनाभर बंद ठेवा, घसा आपोआप सुटेल. इकडे सगळे मजेत. ह्यांचा रक्तदाब जिथे असायला हवा तिथे आहे. माझा नाही, आणि त्याचं कारण तुमच्या पत्रातच आहे.

तुम्ही लिहिता, पुढच्या महिन्यात येणार, मित्रांच्या सफरीत आपली लाल गाडी चालवणार, आणि सफर झाली की ती त्या जुन्या गाड्या जमवणाऱ्या गृहस्थांच्या हवाली करणार, कारण त्यांनी फार अगत्याने विचारलंय. एवढं सगळं ठरवून झाल्यावर अगदी तळाशी, सहीच्या वर विचारता, "गाडी चालू आहे ना?" भाऊजी, प्रश्न एवढासा आहे. उत्तर एवढंसं नाही. चहा घेऊन बसा.

गाडी तुम्ही "दोन महिन्यांसाठी" ठेवून गेलात तेव्हा आमची धाकटी रांगत होती. आता ती माझ्या पत्रातल्या ऱ्हस्व-दीर्घाच्या चुका काढते. तेव्हापासून गाडी माझ्या दातांच्या दवाखान्याला लागून असलेल्या शेडमध्ये आहे, म्हणजे पेशंटच्या खुर्चीपासून एक भिंत सोडून. जाताना तुम्ही दोन आज्ञा केल्यात. दर रविवारी गाडी सुरू करायची, आणि तिच्यावर कुणी म्हणजे कुणी बसायचं नाही. पहिल्या आज्ञेसाठी तुम्ही तुमचे तीन मित्र नेमलेत. तिघांकडेही त्याच इटालियन घराण्यातल्या, तेवढ्याच वयाच्या, तेवढ्याच तऱ्हेवाईक मोटरसायकली. कर्नल (ते पोस्टात होते, हुद्दा मिशीमुळे मिळालाय), वकीलसाहेब आणि बेकरीवाले. रविवारी मी दवाखाना बंद ठेवते तो एवढ्यासाठी, की आठवड्यातून एक दिवस तरी कुणाचं उघडं तोंड बघायला नको. नेमकी त्याच सकाळी ही तीन तोंडं दारात हजर, आणि ती कधीच मिटलेली नसतात.

हे तिघे गाडी उघडतात. बंद करताना एखादा स्क्रू उरतो. तो वकीलसाहेब उजेडात धरतात, फिरवून बघतात आणि म्हणतात, "हा मुळातच जास्तीचा असावा." मग तो माझ्या खिडकीत ठेवला जातो. त्या खिडकीत आता कुंडीला जागा नाही. माझा दातामागे बघायचा इवलासा आरसा ह्यांना इंजिनामागे बघायला लागतो. कीड खरवडायची आकडी कार्बोरेटर खरवडायला लागते. एका सोमवारी मी हत्यारं धुवायचं यंत्र उघडलं (पाणी थरथरवून कानाकोपऱ्यातली घाण काढतं ते), तर आत कार्बोरेटरच्या पितळी तोट्या आदल्या दिवसापासून आंघोळीला बसलेल्या! खोलीभर पेट्रोलचा घमघमाट. खुर्चीवर शाळेच्या मुख्याध्यापिका. त्यांनी तोंडातला कापूस काढून विचारलं, "हे भूल द्यायचं नवीन औषध का?" मी हो म्हटलं. दुसरं काय म्हणणार? बाई उरलेल्या दाढेसह निघून गेल्या त्या पुन्हा आल्याच नाहीत.

(इथे एक खुलासा. ह्या उद्योगात माझाही हात असतो असं कर्नल सगळीकडे सांगतात. तो असतो, पण निव्वळ बघवत नाही म्हणून. इंजिनातली एक फट आहे, केसाएवढी, ती चुकली की ठिणगी पडत नाही. कर्नल ती एक डोळा मिटून मोजतात आणि "बरोबर वाटतंय" म्हणतात. अहो, केसाएवढ्या फटी बुजवण्यावर माझं पोट चालतं! माझ्यासमोर कुणी "वाटतंय" म्हटलं की माझे हात शिवशिवायला लागतात. म्हणून एकदा हातात पाना घेतला. नंतर एक रबरी चकती झिजली आणि नवी मिळेना, तर दातांचा साचा घ्यायच्या मसाल्यात तिचा साचा घेऊन तशी करवून घेतली. नंतर आणखी एकदोन गोष्टी. जाऊ दे.)

शिवाय तो बाजूचा स्टँड. भाऊजी, तुम्ही त्याबद्दल जाताना चकार शब्द काढला नाहीत. गाडीचा भार जरा हलला की हा स्टँड स्वतःहून टणकन वर उडतो. इटलीत कुणाला तरी वाटलं असणार, की माणूस स्टँड वर घ्यायला विसरला आणि निघाला तर पडेल, त्यापेक्षा उभ्या उभ्या गाडीच पडलेली बरी. ती आजवर पेशंटच्या चपलांवर पडली, ह्यांच्या सायकलवर पडली, आणि एकदा वकीलसाहेबांच्या पायावर पडली, तेही ती कशी पडूच शकत नाही हे ते आम्हाला पटवून देत असताना.

आता सफर. तिच्या बैठका माझ्या पेशंटच्या बाकांवर भरतात. कर्नलना गाड्या दोन-दोनच्या रांगेत हव्या असतात आणि हातांच्या खुणा ठरवायच्या असतात. (थांबा ही खूण आणि मला खाजतंय ही खूण सारखीच दिसते, हे कुणी त्यांना सांगायचं?) वकीलसाहेबांना प्रत्येक गोष्ट तत्त्वतः मान्य असते, आणि त्यानंतरचा "परंतु" चहाचे दोन कप चालतो. बेकरीवाले पहाटेपासून भट्टीपाशी उभे असल्यामुळे हिरड्यांच्या तक्त्याखाली घोरत असतात आणि जागे झाले की जे चाललं असेल त्याला हो म्हणतात. तुमचे दादा नकाशाच्या कचेरीत आयुष्य घालवलेले, त्यामुळे मार्ग आखायचं काम त्यांच्याकडे. त्यांनी मन लावून नकाशा काढला. चढ तांबड्या शाईने, उतार हिरव्या, आणि गाड्या बंद पडण्याचा संभव असलेल्या जागा निळ्या. नकाशा जवळजवळ सगळा निळा झाला. पूर्वी डोंगरापलीकडे जायचं चाललं होतं, ते आकसत आकसत गावाबाहेरच्या तळ्यावर आलं. तिथे आमची धाकटी सायकलने जाते.

गेल्या रविवारी रंगीत तालीम होती. सकाळी चारही गाड्या रस्त्यावर उभ्या. कर्नलांची सुरूच झाली नाही. वकीलसाहेबांची सुरू झाली, हातभर पुढे गेली आणि क्लचची तार तोडून बसली. बेकरीवाल्यांची पहिल्या किकला सुरू झाली. तो माणूस इतका हरखला, की मागे वळूनही न बघता सुसाट निघून गेला, आणि सगळ्यांच्या खाण्याची पिशवी त्याच्याच पाठीवर. उरली तुमची गाडी. कर्नल तिच्याकडे बघायला लागले. मी म्हटलं, "भाऊजींनी बसू नका म्हणून सांगितलंय." ते म्हणाले, "वहिनी, ही आणीबाणी आहे," आणि बसले. मागून आमच्या मोटारीत हे, मी आणि वकीलसाहेब.

मोठ्या चौकात गाडी खोकली आणि बंद पडली. पेट्रोल संपलं, असा निकाल वकीलसाहेबांनी मोटारीतून न उतरताच दिला आणि ह्यांना घेऊन पेट्रोल आणायला गेलेही. मी कर्नलांसोबत थांबले. त्यांनी स्टँड लावला, मिशीवर हात फिरवला, एक पाऊल मागे आले, आणि टणकन! गाडी कलायला लागली. भाऊजी, एक सांगते, माणूस तुमच्या गाडीवर जीव टाकतो. दुसरा कुणी बाजूला झाला असता. कर्नल पुढे झेपावले आणि गाडी अंगावर झेलली. गाडीला ओरखडाही नाही. कर्नलांचा वरचा पुढचा दात मात्र हँडलवर आपटून मुळासकट रस्त्यावर पडला.

मुळापासून निखळलेला दात तासाभरात परत बसवला तर जगण्याची आशा असते. मुळाला बोट लावायचं नाही, आणि तोवर तो दुधात ठेवायचा. कोपऱ्यावरच्या डेअरीतून कपभर दूध घेतलं, दात त्यात सोडला, कर्नलांच्या तोंडाला रुमाल लावला आणि ह्यांना फोन केला. ह्यांचा फोन माझ्याच पर्समध्ये वाजला. वकीलसाहेब रविवारी फोन बंद ठेवतात. रस्त्यावर एक रिक्षा दिसेना. कर्नल कपात बघत उभे, आणि इतक्या वर्षांत पहिल्यांदाच गप्प. चेहरा पांढराफटक. त्या क्षणी मला त्यांची फार दया आली, आणि त्या गाडीचा असा काही संताप आला की सांगता सोय नाही.

मी ती गदागदा हलवली. टाकीत पेट्रोल चांगलं डुचमळत होतं. झाकण उघडलं, तर टाकीने हुश्श करून श्वास घेतला. तोंडातली थुंकी ओढून घेणारी माझी नळी असते ना, पेशंटने ओठ मिटले की तीही अशीच कोंडते. झाकणाला हवा आत जायला एक बारीक भोक असतं, ते बुजलं की पेट्रोल खाली उतरत नाही. ते कर्नलांनीच दर रविवारी प्रेमाने मेण घासून घासून बुजवलं होतं! केसातली पिन काढून ते मोकळं केलं, किक मारली, आणि गाडी सुरू झाली.

मग मी बसले. लिहूनच टाकते. कर्नल मागे बसले, एका हातात रुमाल, एका हातात कप. शब्दांतून वारा जात होता तरी अदबीने विचारतात, "वहिनी, कुठे धरू?" मी म्हटलं, "दूध धरा!" कॉलेजात मी मोपेड चालवायचे, पण तुमच्या गाडीला सगळं जगाच्या उलट, गिअर उजव्या पायाशी आणि ब्रेक डाव्या. पहिल्याच वळणावर मी गिअर टाकायला गेले आणि आम्ही दोघे जागच्या जागी थांबलो. दूध मात्र बरंचसं पुढे गेलं. दात तळाशी होता म्हणून वाचला. त्यानंतर मात्र, खोटं कशाला बोलू, गाडी लोण्यासारखी गेली.

दात बसला. शेजारच्या दोन दातांना बारीक तारेने बांधून ठेवलाय आणि हिरडीने धरलाय असं दिसतंय. तार असेपर्यंत कर्नलना बोलायला बंदी आहे (इतकी कडक बंदी वैद्यकशास्त्रात नाही, ती माझी आहे). दुपारी बेकरीवाले परत आले. तळ्याकाठी आमची वाट बघून बघून त्यांना काळजी लागली आणि काळजीपोटी त्यांनी सगळं खाणं संपवलं. संध्याकाळी बैठक झाली, कर्नल मिटल्या तोंडाने बसले, आणि चहा निवायच्या आत सफरीची तारीख ठरली.

तर अशी तुमची गाडी. माझे रविवार तिने खाल्ले, हत्यारं खाल्ली, मुख्याध्यापिका घालवल्या. मी अगदी मेटाकुटीला आलेय. तुम्ही खुशाल या, जाऊबाईंनाही आणा. धाकटीचा नमस्कार.

तुमची,
वहिनी

ता. क. सफर तुम्ही यायच्या आदल्या रविवारी आहे. तुम्हाला टाळायचं म्हणून नव्हे. कर्नलांची तार त्याच्या दुसऱ्या दिवशी काढायची आहे, आणि ती निघाली की परत काहीही ठरणार नाही.

आणखी एक. त्या गाड्या जमवणाऱ्या गृहस्थांचा फोन आला होता. मी सगळं खरं तेच सांगितलं. गाडी भर चौकात बंद पडते, आपणहून अंगावर येते आणि माणसाचे पुढचे दात पाडते. झाकणाच्या भोकाबद्दल त्यांनी विचारलं नाही. विचार करून कळवतो म्हणाले. आवाजावरून विचार झालेला वाटला.

आणि शेवटचं, मग खरंच थांबते. दुसरी किल्ली तुमच्याकडे आहे असं हे म्हणतात. ती येताना आणू नका, प्रवासात हरवेल, आधीच पाठवून द्या. पार्सल करताच आहात तर त्यात एक हेल्मेट टाका, असेल त्यातलं सगळ्यात मोठं. ह्यांच्या डोक्याच्या मापाचं इथे मिळत नाही, आणि मागे बसून नकाशा धरायचा म्हणून ह्यांनी कितीही गळ घातली तरी बिनहेल्मेटच्या माणसाला मी नेणार नाही.