मागच्या दारानं

अहमदपूर, ४ ऑगस्ट २०२४

चि. शिल्पा हिला पंचफुला आत्याचे आशीर्वाद. इकडं समदे खुशाल, तुझी खुशाली कळव.

फोन केला असता, पण आरती जवळच असती. लेकीच्या कानावर जाऊ नये म्हणून हा कागद. तिनं तिच्या सत्यमला नांदेडला तुझ्या कॉलेजात आणलं. तुम्ही खेळणी दिली, आईला तीन मिनिटं खोलीबाहेर काढलं, अनोळखी बाई आत बसवली आन् काचेपल्याडून बघत बसलात. सव्वा वर्षाचं लेकरू! माझ्या भावानं तुला ह्याच्यासाठी शिकवलं का?

आरती कौतुकानं सांगून राहिली, पोरगं रडलंच न्हाई, ती परत आली तरी मान वर केली न्हाई, लई शहाणं हाय.  हे बरं का वाईट, सरळ लिही. मोठाले शब्द नकोत.

आत्यावर जीव ठेव.
पंचफुला

नांदेड, १० ऑगस्ट २०२४

ती. आत्यास शि. सा. न. वि. वि.

रागावून का होईना, पत्र लिहिलंस, बरं वाटलं. एकेका बाळाचं मी घरच्यांनाही सांगत नाही, आणि एका दिवसावरून काही ठरतही नाही. पण एकूण सांगते. आई गेली की बरीच बाळं रडतात, आली की बिलगतात आणि पुन्हा खेळू लागतात. काही गप्प राहतात, आई आली तरी खेळण्याकडेच बघतात. दिसतात निवांत, पण छातीचे ठोके मोजले तर ते जोरात पडत असतात. आम्ही रडण्यापेक्षा आई परत आल्यावर काय होतं, ते बघतो; बाळाला आईचा भरवसा किती, याचा अंदाज त्यावरून येतो.

आरती कामाला जाताना सत्यमला काय सांगते गं?

आहे ती माया आटू देऊ नकोस.
शिल्पा

अहमदपूर, २१ ऑगस्ट २०२४

चि. शिल्पा, आशीर्वाद.

सांगती कशाला? मी त्याला चिमणी दाखवाय पुढं आणती, आन् ती मागच्या दारानं दवाखान्यात कामाला जाती. आपल्यात असंच करतात, पोर रडू नये म्हणून.

आरती दीड वर्षाची व्हती तवा मीबी तशीच गेले. हैदराबादला, बांधकामावर, आठ महिने. परत आले तर पोर रडली न्हाई. माझ्याकडं बघितलं आन् मागच्या दाराकडं बघाय लागली. सासू म्हणाली, रोज तिथंच बसती. मी पुढून आले व्हते, आन् ती तिकडं आईची वाट बघून राहिली व्हती. मी गावभर सांगत फिरले, माझी पोर शहाणी. तुझं पत्र आल्यापासून त्या दाराची कडी वाजली की मला तिथं ती बसलेली दिसती. दीड वर्षाची.

आता दाराला कुलूप घातलंय. आरतीला म्हणलं, सांगून जात जा. पोरगं बोंबलतंय, ती माझ्यावर चिडती. चिडू दे.

काल मी लातूरला डोळे दाखवाय निघाले. आरतीच्या पुढ्यात उभी राहून सांगितलं, पाचाच्या गाडीनं येते. असं जन्मात पहिल्यांदा. तिनं नुसतं बरं म्हणलं. एस.टी. रस्त्यात बंद पडली, यायला सात वाजले. उतरले तर आरती स्टँडवर उभी, पोरगं कडेवर. मला बघून हुंदके देऊन रडाय लागली. सव्वीस वर्षांची बाई, समदा स्टँड बघून राहिला. मी पिशवी धरून तशीच उभी. काय करावं कळंना.

शिल्पा, तुमच्या त्या खोलीत परत आलेल्या आया काय करतात, तेवढं लवकर लिही.

तुझीच,
आत्या