बातमीदाराच्या वहीतलं नाव

मी, अन्सेल्मो किरोगा, वय वर्षे चोवीस, अविवाहित, शिक्षण चौथीपर्यंत, धंदा चित्रकथांत अक्षरं घालण्याचा, राहणार घरमालकीण दोन्या फिलोमेना स्कार्पेली यांच्याकडे भाड्याच्या खोलीत, इरिआर्ते रस्ता, बाराकास, बुएनोस आइरेस, हा कागद लिहून ठेवतो. माझं डोकं ठिकाणावर आहे. डावं फुप्फुस ठिकाणावर नाही. ते येत्या गुरुवारी, १८ सप्टेंबरला, इस्पितळात उघडणार आहेत. डॉक्टर म्हणाले, दहातले आठ जण उठून घरी जातात. मी उरलेल्या दोघांपैकी निघालो तर हा कागद वाचावा. हे लिही असं मला कोणी सांगितलेलं नाही. इथल्या कायद्याप्रमाणे असा कागद सुरुवातीपासून शेवटपर्यंत स्वतःच्या हातचा असावा लागतो. अक्षराबद्दल शंका आल्यास आमच्या चित्रकथांच्या साप्ताहिकाचा गेल्या चार वर्षांतला कुठलाही अंक उघडून ताडून पाहावं.

सोमवार, १५ सप्टेंबर १९५८

कलम १. माझे टाक, निबं, फूटपट्टी आणि काळ्या शाईच्या दोन न उघडलेल्या बाटल्या माझ्या जागी जो येईल त्याला द्याव्यात. निब बोटाने पुसू नये, फडक्याने पुसावं. पत्ता नसल्यामुळे हे त्याला आत्ता सांगता येत नाही.

कलम २. पोस्टातली शिल्लक, रेडिओ आणि तपकिरी कोट माझी बहीण एर्मिनिया हिला. ती आसूल गावी राहते. कोटाचं अस्तर मी स्वतः शिवलं आहे, ते उसवून बघू नये, आत काही नाही.

कलम ३. माझा शब्दकोश आमचे मुद्रितशोधक सेन्योर लासार्ते यांना. पहिल्या वर्षी मी एका जर्मन गावाचं नाव चुकीचं लिहिलं. तेव्हा ते खुर्चीवर उभे राहून ओरडले होते, "ऐका हो! चौथी पास साहेबांनी नवीन गाव वसवलं आहे!" त्यानंतर मला सगळे 'महापौर' म्हणू लागले, अजून म्हणतात. शब्दकोशात मी पेन्सिलीने अकरा खुणा केल्या आहेत. त्या अकरा जागी सेन्योर लासार्ते चुकले होते. त्यांनी सावकाश पाहावं. माझ्या मनात राग नाही. थोडा आहे.

कलम ४. हे कलम माझ्या मृत्यूनंतर तादेउश व्रोना यांनी दोन्या फिलोमेना यांना मोठ्याने वाचून दाखवावं. तादेउश माझ्या शेजारच्या खोलीत राहतात, छापखान्यात काम करतात आणि पोलंडच्या फौजेतून लढलेले आहेत.

आमच्या चित्रकथेतला मॅक डॉर्सी हा अमेरिकन बातमीदार. त्याच्याजवळ बंदूक नसते, वही असते. तो आघाडीवर शिपायांबरोबर चिखलात बसतो, त्यांच्या डब्यातलं खातो, त्यांच्या घरच्या गोष्टी ऐकतो, आणि शेवटी जो मरतो त्याचं नाव-गाव वहीत टिपून घेतो. वहीचं चित्र ही शेवटची चौकट. चित्रकार वही कोरी सोडतो. नाव मी घालतो. अशी त्रेचाळीस माणसं माझ्या अक्षरात मेली आहेत. मी स्वतः युद्ध पाहिलेलं नाही. लष्कराच्या भरतीतही मला छाती तपासून परत पाठवलं होतं.

जूनमधली गोष्ट ट्युनिशियाची होती. मरणारा शिपाई इटालियन. लेखकाने कागदावर लिहिलं होतं: "नाव, गाव: कुठलंही." मी फोन करून विचारलं. ते म्हणाले, "अरे बाबा, कुठलंही म्हणजे कुठलंही!" मला इटालियन येत नाही. चुकलं तर सेन्योर लासार्ते पुन्हा खुर्चीवरून वाचून दाखवतील ही भीती होती. दोन्या फिलोमेना यांच्या स्वयंपाकघरात चुलीवरच्या भिंतीला त्यांच्या मुलाचा फोटो आहे, आणि फोटोखाली छापील अक्षरांत नाव आणि गाव: नुंत्सियो स्कार्पेली, लोंगोबुक्को. हे एक नाव मला बिनचूक येत होतं. रोज तीन वेळा समोर असायचं. मी ते लिहिलं.

नुंत्सियो आजीजवळ इटलीत राहिला होता आणि आईबाप पुढे इकडे आले. तो मागून येणार होता. मग युद्ध लागलं आणि त्याला फौजेत घेतलं. १९४३ च्या मार्चमध्ये त्याचं आफ्रिकेतून शेवटचं पत्र आलं: "आई, तुमचा पत्ता मी पाठ केला आहे, कागद हरवला तरी चालेल." त्यानंतर काही नाही. प्रेत नाही, तार नाही. युद्धकैद्यांना कुठे कुठे नेलं होतं, त्यामुळे दोन्या वाट बघत थांबल्या. नवरा वारला तरी घर विकलं नाही. रोसारियोला बहीण एकटी आहे, दहा वर्षं बोलावते आहे, गेल्या नाहीत. टेबलाच्या टोकाची खुर्ची कोणाला दिली नाही.

जुलैतल्या एका रविवारी आम्ही जेवत असताना कोपऱ्यावरचा न्हावी अंक घेऊन धावत आला. म्हणाला, "बाई, तुमचा मुलगा पेपरात आहे!" दोन्यांना एवढंच नाव वाचता येतं. त्यांनी बोट ठेवून वाचलं. मग माझ्याकडे वळल्या.

"अन्सेल्मो, हे तुझंच साप्ताहिक ना? हा वहीवाला माणूस खरं लिहितो का रे?"

टेबलावरचे सगळे माझ्याकडे बघत होते. मी म्हणालो, "हो, दोन्या. तो खोटं लिहीत नाही."

माझा गुन्हा हा आहे. नाव लिहिलं तो निष्काळजीपणा होता, हे उत्तर दिलं तो गुन्हा.

तेव्हापासून त्या दुखवट्याचं काळं नेसतात. चर्चमध्ये प्रार्थना झाली. त्या खुर्चीवर नवा भाडेकरू बसतो. आणि घर विकलं आहे; या शुक्रवारी, १९ तारखेला, सही आहे. तेव्हापासूनच मी मान खाली घालून अक्षरं काढत असलो की खिडकीच्या बाजूला, भर उजेडात, कोणी तरी उभं असतं. मी वर बघत नाही. नाव लिहून होईपर्यंत ते थांबतं. परवा दुपारी दार वाजलं म्हणून उघडलं तर नुंत्सियोच आला असं वाटून मला समोरच्या माणसाचा चेहराच दिसेना. तो "पाव" म्हणाला तेव्हा कळलं की पाववाला आहे.

मंगळवार, १६ सप्टेंबर

वरचा कागद तादेउशना वाचायला दिला. त्यांचं बोलणं जसंच्या तसं लिहितो, कारण त्यामुळे कलम बदलावं लागलं.

"लुकड्या, तू मेलास तर मी सांगायचं. आणि जगलास तर?"

"शुद्धीवर आलो की मी सांगेन."

"शुक्रवारी तू नळ्या लावून पडलेला असशील आणि ती सही करून आलेली असेल."

"मग तुम्ही आजच सांगा ना."

"मी? मी इटलीतल्या डोंगरावर अशी पोरं टाकून आलो ज्यांची नावं कोणी कुठेच लिहिली नाहीत. तू एकाचं लिहिलंस, बरं झालं. बाई पंधरा वर्षांत पहिल्यांदा झोपते आहे. तोंड बंद ठेव."

"पण तो आला तर?"

"मेलेला माणूस येत नाही."

"तो मेला हे तुम्हाला कोणी सांगितलं?"

तादेउशनी कागद माझ्या हातात परत दिला. मग म्हणाले, "तूच की रे."

म्हणून कलम ४ मधलं वाचून दाखवण्याचं काम मी त्यांच्याकडून काढून घेतो.

बुधवार, १७ सप्टेंबर

दुपारी दोन्या भाजीसाठी आर्टिचोकची बोंडं साफ करत होत्या. मी उभ्यानेच सांगितलं.

"दोन्या, तो वहीवाला माणूस नाहीच. नुसतं चित्र आहे. नाव मी लिहिलं, या फोटोखालून उतरवून."

"मग नुंत्सियो गेला हे तुला कसं कळलं?"

"नाही कळलं. मला काहीच माहीत नाही."

त्यांनी सुरी खाली ठेवली. "त्याने तुझं काय वाकडं केलं होतं?"

"मला तेवढंच एक नाव बिनचूक येत होतं."

"चूक होऊ नये म्हणून माझा मुलगा मारलास?" त्यांनी हातातला आर्टिचोक मला फेकून मारला. "आणि मी विचारलं तेव्हा? इथेच बसला होतास मेल्या, माझं सूप पीत होतास! चालता हो वर!"

मला जेवण मिळालं नाही. ते योग्य होतं. तीनच्या सुमारास त्या जिना चढून वर आल्या. डोक्यावरचा काळा रुमाल हातात होता.

"तुझ्या चित्रात तो कसा मेला?"

"पोटात गोळी. लवकर."

"काही बोलला?"

"पाणी मागितलं."

"दिलं त्या वहीवाल्याने?"

"दिलं. पुढच्याच चौकटीत."

"दिलं नसतं तर तुला आत्ता जिन्यावरून ढकललं असतं." त्या माझ्या खाटेवर बसल्या. "हा रुमाल बांधू की नको, सांग."

"मला माहीत नाही, दोन्या."

"मलाही नाही." त्यांनी तो घडी करून खिशात घातला. "मी शुक्रवारी सही करणार. गुडघे गेले, बहीण म्हातारी झाली. मी जाणार. पण त्याने पाठ केलेला पत्ता हा आहे. तू दारावर रोसारियोचा पत्ता लिही, चांगला मोठा. आणि तो तुझा वहीवाला सगळ्या शिपायांमध्ये फिरतो ना? त्याच्या वहीत पण लिही. नाव खोडू नकोस. नावापुढे पत्ता घाल."

"वही खरी नाही, दोन्या."

"अंक तर खरा आहे! न्हाव्याकडे पोचला, तर आणखी कुठे पोचणार नाही कशावरून?"

म्हणून पुढीलप्रमाणे.

कलम ५. माझ्या टेबलावर पुढच्या अंकाचं शेवटचं पान तयार आहे. वहीच्या चौकटीत नुंत्सियो स्कार्पेली हे नाव आणि रोसारियोचा पत्ता आहे. गोष्टीशी त्याचा संबंध नाही. तरीही ते छापावं.

कलम ६. दारावरची पाटी आज संध्याकाळपर्यंत मी रंगवली. दोन्या समोर फुटपाथवर उभ्या राहून "अजून मोठं" म्हणत होत्या. तादेउश कामावर होते. तरी माझ्या पाठीशी कोणी तरी उभं राहून वाचत होतं. मी वळलो नाही, एवढंच केलं की जरा बाजूला सरकलो.

पाटी जागेवर राहील अशी अट दोन्या विक्रीच्या कागदात घालून घेणार आहेत. दरवर्षी तिच्यावरची अक्षरं पुन्हा काळी करण्याचं काम मी तादेउश व्रोना यांच्यावर सोपवतो. माझी हरकत असो नसो, ते मला लुकड्याच म्हणणार, त्याबद्दल त्यांना माफ केलं आहे.

कलम ७. त्या पाटीसमोर कोणी माणूस वाचत उभा राहिला, मग तो कसाही दिसो आणि कितीही वर्षांनी येवो, तर घरात जो कोणी राहत असेल त्याने त्याला आत घ्यावं, बसवावं आणि पाणी द्यावं. नाव त्यानंतर विचारावं.

वरील सर्व माझ्या हाताने लिहिलं, दोनदा तपासलं. कायदा साक्षीदार मागत नाही, मी मागतो.

अन्सेल्मो किरोगा (सही)

साक्षीदार:
तादेउश व्रोना (सही)
फिलोमेना स्कार्पेली (सही, त्यांना सगळं वाचून दाखवलं, कलम ७ दोनदा)

बाराकास, बुएनोस आइरेस
१७ सप्टेंबर १९५८