साहित्य : चार माणसांसाठी

गुरुवार, ५ नोव्हेंबर १९९८

"फॅमिलीत एकच मिसळ!"

देवरामने आरोळी ठोकली आणि अख्खं हॉटेल वळून बघायला लागलं. बारा वर्षं हा माणूस "फॅमिलीत दोन!" असं ओरडत आला. दर गुरुवारी, माझं ऑफिस आणि मैत्रिणीची, सविताची, शाळा सुटली की पडद्यामागचं कोपऱ्यातलं टेबल आमचं. आज सात महिन्यांनी गेले. एकटी. बाहेर बसायला लागले तर म्हणे, "ताई, लेडीज आत, फॅमिलीत." आत बसले तर फॅमिली कुठाय? एकट्या बाईला मिसळ खायची असेल तर तिने नक्की कुठे बसावं, याचा जीआर अजून निघालेला नाही. वर कांदा मागितला तर महागला म्हणून मुळा! कांद्याच्या जिल्ह्यात!

"त्या मॅडम नाही आल्या? बरं आहे ना त्यांचं?"

"मला काय माहीत!" — अशी खेकसले की बिचारा रस्सा न वाढताच गेला.

अर्धी मिसळ टाकून उठले. यापुढे घरीच करायची.

रविवार, ८ नोव्हेंबर

कपाटात सविताचे सायक्लोस्टाइल कागद सापडले. शाळेत होम सायन्स शिकवायची आणि सुट्टीत घरीच क्लास घ्यायची ना — 'हॉटेलचे पदार्थ घरच्या घरी'. प्रत्येक कागदावर पहिली ओळ तीच : साहित्य : चार माणसांसाठी. होम सायन्सवाल्यांच्या जगात माणसं चारच्या गठ्ठ्यात येतात!

सगळ्याला चाराने भागलं. पाव चमचा हिंग भागिले चार म्हणजे नुसती आठवण. तमालपत्र कात्रीने कापलं. खोबरं भाजता भाजता करपलं. इतक्या थोड्या खोबऱ्याला कढईच दाद देत नाही.

मिसळ झाली. म्हणजे मटकी होती, शेव होती, रस्सा होता. फक्त कोणी कोणाशी बोलत नव्हतं.

सोमवार, ९ नोव्हेंबर

कालचीच खाल्ली. शिळी झाल्यावरही बोलत नाहीत.

बुधवार, ११ नोव्हेंबर

लिहूनच टाकते. ही वही काही शनिवारच्या पुरवणीत छापून येत नाही.

एप्रिलमध्ये माझ्या विनोदी सदराला विषय नव्हता. मग 'दुधीवहिनी' लिहिली — पावभाजीत दुधी किसून घालणारी, कुकरमध्ये पिझ्झा करणारी, सगळ्या कॉलनीला घरच्या घरी हॉटेल दाखवणारी बाई. नाव बदललं, गाव बदललं. दुधी तेवढा तसाच ठेवला. आमच्या इंदिरानगरात कळायला कितीसा वेळ लागणार! सविताच्या मे महिन्याच्या क्लासला तीन बायका आल्या. त्यातली एक दुधी बघायला. शाळेत पोरींनी फळ्यावर दुधी काढला. त्याला चष्मा लावला.

सविता दारात येऊन उभी राहिली. आत आली नाही.

"बारा वर्षं माझ्या घरी जेवलीस. चव कशी होती ते पेपरात सांगितलंस होय?"

"अगं, विनोद कळत नाही का तुला?" — हे मी म्हटलं. मीच.

जूनमध्ये तिने संस्थेच्या येवल्याच्या शाळेत बदली मागून घेतली. हेही मला खालच्या मजल्यावरच्या लताबाईंकडून कळलं.

शनिवार, १४ नोव्हेंबर

तिची पावभाजी केली. भागाकार न करता, दुधीसकट. उत्तम झाली! तीच तर पंचाईत आहे. तेव्हाही उत्तमच झाली होती. तीनदा मागून घेतली होती मी. ते लिहिलं नाही, कारण त्यात विनोद नव्हता.

उरलेली लताबाईंना नेऊन दिली. "अहो ताई, दुधी आहे वाटतं?" म्हणाल्या आणि पदर तोंडाला लावून हसल्या. माझाच विनोद. पहिल्यांदा लागला.

मंगळवार, १७ नोव्हेंबर

सविताला पत्र लिहायला बसले. दुसऱ्याच ओळीत कोटी झाली. फाडलं. दुसऱ्या पत्रात पहिल्याच ओळीत. तिसऱ्यातली इतकी छान जमली की सदरासाठी बाजूला काढून ठेवली. निर्लज्ज!

गुरुवार, १९ नोव्हेंबर

सुचलं! सविताला चूक दिसली की राहवत नाही. एकदा देवरामच्या हॉटेलातलं मेनूकार्ड तिने पर्समधल्या लाल पेनाने तपासून दिलं होतं. 'पणीर मसाला'चे दोन मार्क कापून.

तर शनिवारच्या सदरात मिसळीची कृती. अगदी वर तिचीच ओळ — साहित्य : चार माणसांसाठी. 'मोड आलेली मटकी शिजवून घ्या. पाणी फेकून द्या.' हे वाचून ती गप्प बसली तर ती सविता नव्हेच.

पण नुसता गळ टाकणं बरं नव्हे. शेवटी एक ओळ घातली : 'दुधीची पावभाजी चांगली होती. मी तीनदा मागून घेतली होती.'

संपादकांचा फोन. "मॅडम, शेवटच्या ओळीतला विनोद कळला नाही."

"नाहीये."

"मग काढू?"

"मिसळ काढा हवी तर. ती ओळ राहू द्या."

शनिवार, २१ नोव्हेंबर

छापून आलं. पहिल्या एसटीने पेपर येवल्याला जातो.

शुक्रवार, २७ नोव्हेंबर

नऊ पत्रं. "बाई मूळच्या पुण्याच्या का?" असं तिघांनी विचारलंय. एका निवृत्त इंजिनिअरने फेकलेल्या पाण्यातली प्रथिनं मोजून पाठवलीत. घोटीच्या एका गृहस्थांना माझ्या घरच्यांची कीव आली. कोणते घरचे, ते त्यांनी कळवलेलं नाही.

शेवटच्या ओळीबद्दल एक अक्षर नाही. सगळी शाई निळी.

गुरुवार, ३ डिसेंबर

मिसळ. एकीची. पाणी न फेकता. बरी झाली.

पाव संपायच्या आत रस्सा संपला. "रस्साऽऽ!" म्हणून ओरडून बघितलं. मग उठून स्वतःच घेतला.

सोमवार, ७ डिसेंबर

पोस्टमन येऊन गेला. विजेचं बिल.

मंगळवार, ८ डिसेंबर

पाकीट. येवल्याचा शिक्का. आत चिठ्ठी नाही, माझ्या सदराचं कात्रण. 'पाणी फेकून द्या'खाली लाल शाईच्या दोन रेघा — 'मूर्ख! सगळी चव त्यातच असते.' शेवटच्या ओळीपुढे काही लिहिलेलं नाही. नुसती बरोबरची खूण.

आणि अगदी वर, 'साहित्य : चार माणसांसाठी'मधलं 'चार' खोडलंय. वर लिहिलंय — दोन.