दुसरी बादली

लोहा, चैत्रातला सोमवार

मासळी धुण्याच्या शेडला उद्यापासून दिवसाला पाण्याचा एकच टँकर. त्यात भागलं नाही तर शेड बंद, बायकांची मजुरीही बंद. म्हणून आजच बायकांना खवले कोरडेच खरवडायला लावले. शेवटच्या धुण्याचं पाणी पुढच्या मासळीच्या पहिल्या धुण्याला ठेवलं. भागेल असं वाटतं.

काम सुटल्यावर पूजेआधी हातपाय तिथंच धूत होतो. दुसरी बादली भरून उचलली तशी शांताबाई म्हणाली, "अप्पा, मासा खात न्हाईत, पाणी मात्र माशावानी लागतंय तुम्हाला!" सगळ्या हसल्या. खरंच होतं. दुसरी बादली टाक्यात परत ओतली.

घरी आलो तरी तळहाताला वास होताच. पुन्हा धुवावा का? नाही धुतला. त्याच तळहातावर गळ्यातलं इष्टलिंग घेऊन पूजेला बसलो.